हातोहात

आमचे घोडेगाव वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल ते दोन कारणांनी. शनिशिंगणापुरास जावयाचे असले म्हणजे नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरून गाडी येथेच वळते, हे एक. आणि येथला जनावरांचा व कांद्याचा बाजार, हे दुसरे. या गावची माणसे समुद्रात पोहून, सायकल दामटून आणि भर उन्हात धावून एखादी शर्यत पुरी करतील, असे पाच वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तर आम्ही त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिले असते. आता मात्र त्या शर्यतीविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस भाग आहे. आणि तेही गावच्या अभिमानापोटी नव्हे, तर त्या शर्यतीने आमचेच एक तीस वर्षांचे देणे आमच्या दारात आणून उभे केले म्हणून.

प्रथम शर्यतीचे स्वरूप सांगितले पाहिजे. पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तिन्हींची मिळून एकच शर्यत करावी, ही कल्पना अमेरिकेतील सॅन दिएगो येथे १९७४ साली निघाली. तिला ट्रायथलॉन म्हणतात. २००० साली सिडनी येथील ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले. आपल्याकडे गोव्यात, पणजीजवळच्या मिरामारच्या किनाऱ्यावर, २० ऑक्टोबर २०१९ रोजी ‘आयर्नमॅन ७०.३’ या नावाची अशी शर्यत प्रथम झाली. करोनाने दोन वर्षे खंड पडला आणि २०२२ पासून ती पुन्हा सुरू झाली. नावातील आकडा मैलांचा आहे. आपल्या हिशेबाने समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे, असे सुमारे ११३ किलोमीटर होतात. आणि हे सारे साडेआठ तासांच्या आत उरकावे लागते.

एकट्याने हे सर्व करणारी माणसे पुष्कळ आहेत. परंतु ज्यांस तिन्ही साधत नाहीत त्यांच्याकरिता रिलेची सोय आहे. एकाने पोहावे, दुसऱ्याने सायकल चालवावी, तिसऱ्याने धावावे. शाळेतील रिलेत बॅटन नावाची नळी हातोहात जाते. येथे तिच्या जागी घोट्याला बांधावयाचा एक लहानसा पट्टा असतो. वेळ मोजणारी चिप त्यात बसविलेली असते. पोहणाऱ्याने पाण्याबाहेर येऊन धावत जावे, सायकलींच्या रांगेत आपला सोबती उभा असेल तेथे तो पट्टा सोडून द्यावा, आणि सोबत्याने तो आपल्या घोट्याला बांधून निघावे. सायकलवाला परत आला की पुन्हा तेच. या जागेला खेळाडू ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. आम्ही जन्मभर मुलांस व्याकरण शिकविले, तेव्हा आमच्या तोंडी ‘संधिस्थान’ हाच शब्द येतो, आणि तोच आम्ही पुढे वापरणार आहो.

ही शर्यत सर्वस्वी हौसेची. मोबदला तर नाहीच, उलट प्रवेशाचे शुल्क भरावे लागते, आणि तेही थोडेथोडके नव्हे. आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “म्हणजे पैसे देऊन घाम गाळायचा!”

एकाचे काम दुसऱ्याने पुढे न्यावयाचे ही रीत मात्र आपल्याकडे नवी नव्हे. डाकेचे हरकारे टप्प्याटप्प्याने धावत आणि थैली हातोहात पुढे जाई. आजही नवरात्र आले म्हणजे आमच्या भागातील गावोगावची तरुण मुले तुळजापुराहून किंवा मोहट्याच्या देवीहून पेटती ज्योत घेऊन निघतात. मागे टेंपो, पुढे एकजण धावतो आहे, तो दमला की ज्योत दुसऱ्याच्या हाती. अशी रात्रंदिवस चालून ती घटस्थापनेपर्यंत गावात पोहोचते. या कामात कोण किती कोस धावला हे कोणी विचारीत नाही. ज्योत विझली नाही ना, एवढेच विचारतात. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, आळीपाळीने सायकल चालवून ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत ओलांडली. तेही याच जातीचे काम.

आता आमच्या गावचे तिघे. पहिली आमची सूनबाई. वय अडतीस, नोकरी पतसंस्थेत, माहेर नेवासे तालुक्यातच. लहानपणी पाठीला कोरडे भोपळे बांधून विहिरीत पोहावयास शिकलेली. दुसरा आमचा एक जुना विद्यार्थी, आता कांद्याचा आडत्या. डॉक्टरांनी रक्तातील साखरेवरून कान उपटले, तेव्हापासून तो सायकलवर बसला आणि मग उतरेचना. तिसरा पोलीस भरतीच्या खटपटीत असलेला एक तरुण. भरतीतील १,६०० मीटरांत तो वाऱ्यासारखा पळे. नवरात्रात ज्योत घेऊन धावणाऱ्यांतही तो पहिला. तिघांचा मेळ आडत्याने घातला आणि २७ ऑक्टोबर २०२४ च्या शर्यतीकरिता नावे दिली. दुसऱ्याच दिवशी वसुबारस! ऐन फराळाच्या दिवसांत घरची सून गोव्यास, हे आमच्या घरात पचनी पडावयास आठ दिवस लागले. शेवटी सौभाग्यवतींनीच निकाल दिला: “चकल्या मी करीन. तिनं पोहून यावं.”

आठ महिने तयारी चालली. सूनबाई आठवड्यातून दोन दिवस पहाटे नगरच्या तलावात पोहावयास जाई. परंतु तलावाच्या तळाशी रेघ आखलेली असते. ती पाहत नाकासमोर पोहावे. समुद्रात तशी रेघ नाही. दर काही हातांनंतर डोके वर काढून दूरचा तरंगता खुणेचा फुगा पाहावा लागतो, नाही तर माणूस भलतीकडे जाऊन दीडपट अंतर पोहते. म्हणून सुटीच्या दिवशी ती प्रवरासंगमास, नावाड्याला होडीसह सोबत घेऊन, उघड्या पाण्यात सराव करी. आडत्या पहाटे चार वाजता पांढरीच्या पुलाकडून इमामपूरचा घाट चढून परत येई व लिलावाच्या वेळेस आडतीवर हजर असे. या शर्यतीत पुढच्या सायकलच्या आडोशाला राहून वारा चुकविता येत नाही. मध्ये बारा मीटर अंतर ठेवावे लागते. म्हणून तो मुद्दाम एकटाच जाई. धावणाऱ्या तरुणाची अडचण निराळीच होती. त्याची पाळी येणार शर्यत सुरू होऊन साडेचार तास झाल्यावर, म्हणजे टळटळीत दुपारी. तोवर काय खावे, किती पाणी प्यावे, सावलीत बसून अंग गार पडू द्यावे की नाही, हेच त्यास शिकावयाचे होते. पळता येणे हा त्याचा गुण. वाट पाहता येणे हा त्याचा अभ्यास.

परंतु आम्हांस ज्याविषयी लिहावयाचे आहे ते यांपैकी कशातच नव्हते. श्रावण लागला त्या सुमारास एका संध्याकाळी ते तिघे आमच्या अंगणात आले. आडत्याने चिकटपट्टीचा एक पट्टा आणला होता. सूनबाईने तुळशीवृंदावनापासून धावत यावे, पट्टा सोडून द्यावा, त्याने तो बांधावा. मग त्याने फाटकापासून यावे व तरुणाने बांधावा. “गुरुजी, घड्याळ तुम्ही धरा,” असे म्हणून त्याने आमच्या हाती घड्याळ दिले. त्या दिवशी चाळीस वेळा ही देवघेव झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस वेळा. हात ओले करून, डोळ्यांत पाणी मारून, धापा टाकीत. इतकेच नव्हे, तर पट्टा मुद्दाम खाली टाकून: तो पडला तर उचलावयाचा कोणी? आडत्याने नियम घातला की, जो दमून आला आहे त्याने वाकू नये, जो ताजा उभा आहे त्याने वाकावे. येणाऱ्याने पाय पुढे करून नुसते उभे राहावे.

आम्ही बाजेवर बसून सेकंद मोजीत होतो. परंतु आमचे लक्ष घड्याळात नव्हते. आम्हांस १९९४ सालचा हिवाळा आठवत होता.

त्या वर्षी तालुक्याच्या क्रीडास्पर्धा नेवाशास होत्या. सातवीच्या चार मुलांचा रिलेचा संघ आम्ही तयार केला होता, आणि हाच आडत्या त्यात तिसरा धावणारा होता. संघ पुढे होता. तिसऱ्याच्या हातून चौथ्याच्या हाती जाताना बॅटन मातीत पडला. सगळ्या शाळांसमोर आम्ही त्या तेरा वर्षांच्या मुलास म्हणालो, “चौघांच्या मेहनतीवर तू एकट्याने पाणी ओतलेस.” तो रडला नाही. शाळेत आला, धडे पाठ केले, पासही झाला; मैदानावर मात्र तो पुन्हा कधी फिरकला नाही, आणि आम्हीही त्यास बोलावले नाही.

आता अंगणात बसून जे दिसले ते असे. त्या संघाची तयारी करताना आम्ही प्रत्येक मुलगा शंभर मीटर किती सेकंदांत धावतो हे महिनाभर मोजले होते. बॅटन देण्याघेण्याचा सराव मात्र आदल्या दिवशी, तोही दोनचार वेळाच. त्या काळी देवघेवीची हद्द वीस मीटरांची असे. आता ती तीस मीटरांची केली आहे. एवढ्या जागेत घेणाऱ्याने वेळेवर पळावयास लागावे, हात मागे स्थिर धरावा, आणि देणाऱ्याने तो त्यात नीट ठेवावा. क्षणभर बॅटन दोघांच्याही हातांत असतो. घेणारा एक पाऊल आधी निघाला, तरी तो पडतो. देणारा एक पाऊल कमी पडला, तरी पडतो. आम्ही चार धावणारे तयार केले होते, तीन संधी तयार केल्याच नव्हत्या. मग त्या मुलाच्या एकट्याच्या माथी तो दोष कोणत्या न्यायाने आला?

मौज ही की, त्याच मुलांस आम्ही सकाळी फळ्यावर संधीच शिकवीत असू. ‘जगत्’ आणि ‘नाथ’ जवळ आले की पहिल्याचा शेवट बदलतो व ‘जगन्नाथ’ होते. ‘महा’ आणि ‘ईश’ जवळ आले की दोघांचेही स्वर जाऊन तिसराच ‘ए’ होतो. बदल कोणाच्याही पदरी पडो, त्याचे कारण दोघांची जवळीक हेच असते. म्हणून संधीचा नियम सांगताना दोन्ही वर्णांची नावे घ्यावी लागतात, एकाचे घेऊन भागत नाही. हे सूत्र सकाळी शिकवावे आणि दुपारी मैदानावर विसरावे, यास विद्वत्ता म्हणावे की काय, हे वाचकांनीच ठरवावे.

आडत्याने आम्हांस शर्यतीस नेलेच. सकाळी मिरामारला कुंपणाबाहेर आम्ही उभे होतो. सूनबाई पंचावन्न मिनिटांनी पाण्याबाहेर आली. पाच मिनिटे अधिक लागली, कारण परतताना ती खुणेच्या फुग्यापासून बाजूला वाहवत गेली होती. पहिली देवघेव अंगणातल्यासारखी झाली. आडत्याने नव्वद किलोमीटर ३ तास ४० मिनिटांत पुरे केले. तो सायकल ठेवून तरुणाकडे येताना आम्हांस दिसला तोच त्याची चाल बिघडलेली. पोटरीत गोळा आला होता. आणि इतका वेळ मूठ आवळून धरली म्हणजे बोटेही बधिर होतात. त्याने पाय पुढे केला, पट्टा सोडावयास हात घातला, आणि तो पट्टा त्याच्या बोटांतून सुटून खाली पडला.

तीस वर्षांपूर्वीचे ते वाक्य आमच्या ओठांपर्यंत आले होते, हे कबूल केले पाहिजे. सवय इतकी चिवट असते. परंतु तोवर तरुण वाकला होता, पट्टा त्याच्या घोट्यावर चढला होता, आणि आडत्याच्या खांद्यावर एकदा हात टेकून तो निघूनही गेला होता. सारे तीनचार सेकंदांत. कोणी कोणास काही बोलले नाही. ठरल्याप्रमाणे आडत्या ताठ उभा राहिला, वाकला नाही. त्या दमट उन्हात तरुणास एकवीस किलोमीटरांस २ तास १२ मिनिटे लागली. शेवटचे काही पाऊल तिघे मिळून धावले. एकूण ६ तास ५२ मिनिटे. बक्षिसाच्या आसपासही नाव नव्हते. पदक मात्र तिघांस मिळाले, आणि पोहणाऱ्याचे पदक धावणाऱ्याच्या पदकाहून रतीभरही लहान नव्हते.

परतताना कोल्हापूर मागे टाकले तेव्हा रात्र झाली होती. सूनबाई व तरुण मागे झोपी गेले होते. आम्ही आडत्यास म्हणालो, “नेवाशाच्या मैदानावर आम्ही तुला जे बोललो ते चुकीचे होते. देवघेवीचा सराव आम्ही करून घेतला नव्हता. दोष आमचा होता.”

तो काही वेळ समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, बोललात त्याचं काही नाही. घरीही बोलणी खातच होतो. पण बॅटन पडल्यावर मी तो उचलायला वाकलो होतो. तेवढ्यात तुम्ही ओरडलात, ‘राहू दे आता.’ ते तेवढं मनात राहिलं. उचलून पळालो असतो तर शेवटचे का होईना, आलो असतो.”

वाचकहो, हे दोन शब्द आम्ही उच्चारल्याचे आम्हांस स्मरतही नव्हते. आपण कठोर बोललो हे आम्ही तीस वर्षे मनात बाळगले, आणि त्यातच आपली सद्सद्विवेकबुद्धी जागी आहे असे समाधान मानले. खरी इजा झाली ती ज्या शब्दांनी, ते आम्ही सहज टाकून पुढे गेलो होतो. नियम तर त्या मुलाच्याच बाजूचा होता: बॅटन पडला तर ज्याच्या हातून पडला त्याने तो उचलावा व शर्यत पुढे चालवावी, त्यास मुभा आहे.

घरी आल्यावर आम्ही या विषयावर थोडे वाचन केले. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुषांच्या व स्त्रियांच्या दोन्ही संघांच्या हातून, एकाच दिवशी, ४ × १०० मीटरच्या रिलेत बॅटन पडला. जगातील सर्वांत वेगवान माणसांची ही गत! स्त्रियांच्या संघातील शेवटची धावपटू लॉरिन विल्यम्स मागे वळली, पडलेला बॅटन तिने उचलला आणि इतर सर्व संघ पोहोचून गेल्यावर एकटी शेवटपर्यंत धावली. संघ बाद ठरला. परंतु तिला ‘राहू दे आता’ म्हणणारे कोणी भेटले नाही, किंवा तिने ते ऐकले नाही. चार वर्षांनी लंडनला अमेरिकेच्या स्त्रियांनी तीच शर्यत ४०.८२ सेकंदांत जिंकून जागतिक उच्चांक केला. प्राथमिक फेरीत शेवटचा टप्पा धावणारी पुन्हा तीच होती, आणि सुवर्णपदकात तिचाही वाटा होता. आमचा विद्यार्थी तीस वर्षे मैदानाबाहेर राहिला.

आम्ही हे लिहितो आहो ते तिघांनी गोवे जिंकले म्हणून नव्हे, जिंकले नाहीच. परंतु संसारात अशा संधी पावलोपावली येतात. सासूच्या हातून सुनेच्या हाती घर जाते, बापाच्या हातून मुलाच्या हाती शेतीचा वा दुकानाचा हिशेब जातो, जुन्या शिक्षकाच्या हातून नव्याच्या हाती वर्ग जातो. देणारा आपल्या धावण्याच्या कौतुकात असतो, घेणारा आपल्या. आणि मधल्या चार पावलांचा सराव कोणीच केलेला नसतो. मग वस्तू पडली म्हणजे, कोणी पाडली याचा पंचनामा सुरू होतो. आमच्या अंगणात जे चाळीस वेळा झाले, त्यातील एखादा वेळ जरी अशा घरांत आधी झाला, तर पुष्कळ पंचनामे टळतील.

त्याच वर्षी डिसेंबरात गावातील शाळेच्या मुलांनी क्रीडास्पर्धांपूर्वी आम्हांस मैदानावर बोलावले. निवृत्त माणसास असे आमंत्रण म्हणजे मोठाच मान. धावण्याची वेळ मोजण्याचे काम आम्ही तरुण शिक्षकांकडे सोपविले आणि पंधरा दिवस फक्त देवघेव करून घेतली. स्पर्धेच्या दिवशी दुसऱ्या व तिसऱ्या मुलीच्या मध्ये बॅटन पडलाच. मुलीने घाबरून आमच्याकडे पाहिले.

“उचल,” आम्ही ओरडलो, “उचल आणि पळ!”

ती पळाली. संघ पाचवा आला. दुसऱ्या दिवशी सरावाला चौघीही हजर होत्या.